लिव्हरपूल शहर पोलीस दल : एका नगररक्षक दलाचा इतिहास आणि १९१९ चा संप



ज्याने आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले त्या माणसाने इंग्लंडमधील एका बंदराच्या पोलिसांविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. विषय निवडण्यामागचे कारण प्रथम सांगतो. शिक्षक, परिचारिका आणि पोलीस शिपाई या तिघांच्या कामाला समाज 'नोकरी' म्हणत नाही, 'सेवा' म्हणतो. शब्द मोठा आहे, आणि तो आपण अभिमानाने मिरवतो. परंतु पगार, रजा, वरिष्ठांची वागणूक यांविषयी प्रश्न निघाला की हाच शब्द प्रश्नकर्त्याचे तोंड बंद करण्यासाठीही वापरला जातो. सेवा करणाऱ्याने तक्रार करावी काय, आणि ती कोणी ऐकलीच नाही तर त्याने काय करावे, हा प्रश्न लिव्हरपूलच्या पोलिसांनी एकदा फार मोठी किंमत मोजून विचारला होता. त्याला मिळालेल्या उत्तरावर पुढे एका देशाची पोलीसव्यवस्था उभी राहिली. त्या दलाची कथा आज आपणांपुढे मांडावयाची आहे.

जागल्या आणि कॉन्स्टेबल

आपल्या गावगाड्यात जागल्या होता. रात्री जागतो तो जागल्या, इतका तो शब्द सरळ आहे. इंग्रजीतील 'वॉच' या शब्दातही जागणे आणि राखणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडच्या बहुतेक शहरांत असेच जागले होते. हातात कंदील, अंगावर जाडाभरडा कोट, वय बहुधा उतरलेले. 'कॉन्स्टेबल' या शब्दाचे कूळ मात्र थोर आहे. लॅटिनमधील 'कोमेस स्टाबुली', म्हणजे राजाच्या पागेचा अधिपती, यापासून तो आला. पागेच्या अधिपतीचा गल्लीतील शिपाई झाला. आपल्याकडेही फौजेची आठवण सांगणारा 'शिपाई' हा शब्द पुढे कचेरीच्या दारातील स्टुलावर येऊन बसला. शब्दांची ही उतरण दोन्ही भाषांत सारखीच आहे.

लिव्हरपूल हे मर्सी नदीच्या मुखावरचे बंदर. गुलामांच्या व्यापारावर ते माजले. १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने तो व्यापार बंद केल्यावर अमेरिकेच्या कापसाने त्याची भरभराट चालू ठेवली. धक्के वाढले, गोदामे वाढली, तशी दारूची दुकाने, खलाशांच्या खाणावळी आणि कोंदट तळघरांतील वस्तीही वाढली. अशा शहराला कंदीलवाले जागले पुरणारे नव्हते. लंडनमध्ये रॉबर्ट पीलने १८२९ साली नवे पोलीस दल उभारले होते. इतर शहरांसाठी १८३५ चा नगरपालिका कायदा आला. प्रत्येक नगराने आपल्या निवडलेल्या सभासदांची एक 'वॉच कमिटी' नेमावी आणि त्या कमिटीने पोलीस दल उभारावे, असे त्याने बंधन घातले. त्यानुसार १८३६ साली लिव्हरपूलचे दल अस्तित्वात आले. लिव्हरपूलला 'सिटी' हा दर्जा १८८० मध्ये मिळाला, तेव्हा आरंभीची ४४ वर्षे हे दल 'बरो'चे, म्हणजे साध्या नगराचे होते.

त्याचा पहिला प्रमुख मायकेल जेम्स व्हिटी. येथे मराठी वाचकाने एका शब्दापाशी जपून पाऊल टाकावे. लिव्हरपूलमध्ये दलाच्या सर्वोच्च अधिकाऱ्यालाच 'हेड कॉन्स्टेबल' म्हणत. आपल्याकडे हेड कॉन्स्टेबल म्हणजे हवालदार. तेथे तो दलाचा मुख्य होता. व्हिटी हा मूळचा आयर्लंडचा. पोलिसातून निवृत्त झाल्यावर त्याने १८५५ साली 'लिव्हरपूल डेली पोस्ट' हे एका पेनीचे दैनिक सुरू केले. त्याच्या काळापासून शहरातील आगी विझविण्याचे कामही पोलिसांकडेच होते. कापसाच्या गोदामांचे शहर ते, आगीला तोटा नव्हता. ही व्यवस्था थेट १९४१ पर्यंत चालली.

शिपायाचा धनी कोण?

या दलाची प्रकृती समजण्यासाठी वॉच कमिटी नीट समजून घेतली पाहिजे. लंडनचे पोलीस गृहमंत्र्याला जबाबदार होते, लिव्हरपूलचे मात्र नगराला. शिपाई भरती करणे, त्याला बढती देणे, दंड करणे, काढून टाकणे हे सारे कमिटीच्या हाती होते. कमिटीतील सभासद म्हणजे शहरातलेच व्यापारी, जहाजमालक, दारूच्या भट्ट्यांचे धनी आणि त्यांचे विरोधक. म्हणजे शहरातील राजकारणाचा वारा फिरला की पोलिसांचे शीडही फिरे. १८९० साली मद्यपान आणि अनीती यांच्याविरुद्ध मोहीम चालविणाऱ्या पक्षाचे कमिटीत वर्चस्व झाले आणि कमिटीने हेड कॉन्स्टेबल नॉट-बोअर यांना शहरातील साऱ्या ज्ञात वेश्यागृहांवर खटले भरण्याची आज्ञा केली. पोलीसप्रमुखाने कोणाचे ऐकावे, कायद्याचे की कमिटीचे, या वादात इंग्लंडमधील अभ्यासक आजही हे उदाहरण देतात.

ही गोष्ट आपल्याला अपरिचित वाटेल, आणि त्याला कारण आहे. इंग्रजांनी आपल्या नगरांसाठी जो नमुना वापरला तो आपल्या देशात आणलाच नाही. चार्ल्स नेपिअरने १८४३ मध्ये सिंध प्रांतात पोलीस दल उभारले ते आयर्लंडच्या धर्तीवर. तेथील दल सरकारला जबाबदार होते, जनतेवर वचक ठेवणे हे त्याचे काम. १८६१ चा भारतीय पोलीस कायदा त्याच वळणाचा होता. लिव्हरपूलच्या नागरिकाला 'हा माझा शिपाई' असे, निदान कागदोपत्री, म्हणता येत होते. आपल्या आजोबा-पणजोबांना तसे कधीच म्हणता आले नाही.

परंतु 'माझा शिपाई' या उक्तीला दुसरीही बाजू होती. शिपाई शहराचा झाला, म्हणून शहर शिपायाचे झाले असे नव्हे. इंग्लंडमधील पोलिसाला १८८७ पर्यंत संसदेच्या निवडणुकीत मतदानाचा अधिकार नव्हता आणि नगरपालिकेच्या निवडणुकीतील मत त्याला १८९३ मध्ये मिळाले. म्हणजे ज्या कमिटीच्या हाती त्याची भाकरी होती, तिच्या निवडणुकीत त्याला पन्नासहून अधिक वर्षे शब्दच नव्हता. २५ वर्षांच्या सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क १८९० च्या कायद्याने आला. आठवड्याची एक सुट्टी १९१० मध्ये कायद्यात आली. तोवर ती मिळणे न मिळणे दलाच्या मर्जीवर होते.

त्याचे काम कसले होते? गस्तीचा ठरलेला मार्ग, ठरलेली गती, ठरलेल्या वेळी ठरलेल्या कोपऱ्यावर हजर राहणे. तेथे सार्जंट येऊन पाहणार, आणि शिपाई नसला तर दंड. वर या शहराची दुखणी निराळी. १८४७ च्या एका वर्षात आयर्लंडच्या दुष्काळातून पळालेले सुमारे तीन लाख लोक या बंदरात उतरले. त्यांतील पुष्कळजण अमेरिकेला गेले, पण हजारो तेथेच राहिले. पुढे कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट वस्त्यांतील वैर शहराच्या हाडीमाशी खिळले. १९०९ मध्ये मिरवणुकांवरून इतके मोठे दंगे झाले की पोलिसांच्या वर्तनाची चौकशी करण्यासाठी संसदेला स्वतंत्र कायदा करावा लागला. दोन्ही पंथांचे लोक पोलीस पक्षपाती असल्याचा आरोप करीत. दंगलीत उभ्या राहणाऱ्या शिपायाला हा अनुभव सर्वत्र सारखाच येतो.

१९११ च्या उन्हाळ्यात वाहतूक कामगारांचा मोठा संप झाला. १३ ऑगस्टला सेंट जॉर्ज सभागृहासमोरील चौकात कामगारनेता टॉम मॅन यांच्या सभेला हजारो लोक जमले असता पोलिसांनी लाठ्या चालविल्या. दोन दिवसांनी कैद्यांच्या गाड्यांवर चालून आलेल्या जमावावर सैनिकांनी गोळीबार केला आणि दोघे ठार झाले. बाहेरच्या शहरांतून मागविलेले पोलीसही तेव्हा लिव्हरपूलच्या रस्त्यांवर होते. कामगार वस्तीच्या मनात पोलिसांविषयी कटुता राहिली. आठ वर्षांनंतर त्याच पोलिसांना कामगारांकडे पाठिंबा मागावा लागणार होता, हे तेव्हा कोणाला स्वप्नातही आले नसेल.

संप

'संप' या शब्दावर क्षणभर थांबू. आपण बडोद्याचे मराठी लोक घरात मराठी आणि बाजारात गुजराती बोलतो. गुजरातीत 'संप' म्हणजे एकोपा, सलोखा. जुन्या मराठीतही हा अर्थ होता. पुढे मराठीत एकोपा करून काम थांबविणे एवढाच अर्थ उरला. काम थांबविण्याआधी माणसे एक व्हावी लागतात, हे या शब्दाने आपल्या पोटात जपून ठेवले आहे.

लंडनमधील जॉन साइम या बडतर्फ निरीक्षकाच्या पुढाकाराने १९१३ साली पोलिसांची एक संघटना गुप्तपणे सुरू झाली. पहिल्या महायुद्धात महागाई जवळजवळ दुपटीला पोहोचली, पगार मागे राहिले, आठवड्याची सुट्टी गेली. ३० ऑगस्ट १९१८ रोजी लंडनच्या हजारो पोलिसांनी काम थांबविले. संघटनेच्या कामाबद्दल थील नावाच्या शिपायाला बडतर्फ केले होते, हे तात्कालिक कारण. युद्ध चालू असताना राजधानी पोलिसांविना राहिली. पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांनी दुसऱ्याच दिवशी पगारवाढ दिली, थीलला परत घेतले. संघटनेला मान्यता मात्र युद्धकाळात देता येणार नाही, असे ते म्हणाले. पोलिसांनी याचा अर्थ 'युद्धानंतर देऊ' असा लावला, तर सरकारच्या मनात तसे काही नव्हते. पुढील साऱ्या अनर्थाचे बीज या एका वाक्याच्या दोन अर्थांत आहे. लंडनचे पोलीस आयुक्त एडवर्ड हेन्री यांना पद सोडावे लागले. हेन्री हे पूर्वी बंगालचे पोलीसप्रमुख होते आणि बोटांच्या ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत त्यांच्या नावाने ओळखली जाते. त्या पद्धतीमागे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय उपनिरीक्षकांची बुद्धी होती, हेही येथे नोंदविले पाहिजे.

युद्ध संपले. सरकारने लॉर्ड डेझबरो यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती मार्च १९१९ मध्ये नेमली. देशभरच्या दलांत पगाराचा मेळ नाही, आणि पुष्कळ ठिकाणी पोलिसाला अकुशल मजुराइतकेही मिळत नाही, हे तिच्यापुढे आले. तिने शिपायाचा आरंभीचा पगार सर्वत्र सारखा, आठवड्याला ७० शिलिंग करावा, अशी शिफारस केली. ही वाढ फार मोठी होती. परंतु त्याच उन्हाळ्यात सरकारने संसदेत एक विधेयक आणले. पोलिसांना कोणत्याही कामगार संघटनेचे सभासद होता येणार नाही, त्याऐवजी सरकारमान्य 'फेडरेशन' राहील आणि तिला संपाचा अधिकार नसेल. एका हाताने भाकरी दिली आणि दुसऱ्या हाताने जीभ मागितली. संघटनेने ३१ जुलै १९१९ रोजी संपाची हाक दिली.

लंडनने यावेळी हाक ऐकली नाही. सुमारे १८ हजारांतून हजाराच्या आसपासच माणसे बाहेर पडली. पगारवाढ पदरात पडणार होती, आणि संपात उतरणाऱ्याला परत घेतले जाणार नाही, असा इशारा आधीच दिला होता. देशातील बहुतेक दले जागची हललीही नाहीत. लिव्हरपूलमध्ये मात्र १,८७४ पैकी साडेनऊशेच्या वर, म्हणजे निम्म्याहून अधिक पोलीस संपावर गेले. शेजारच्या बूटल आणि बर्कनहेड येथेही तसेच झाले. लिव्हरपूलच असे का पेटले? इतिहासकारांनी दिलेली कारणे दोन. एक म्हणजे तेथील शिस्त इतर शहरांहून जाचक होती. दुसरे म्हणजे वॉच कमिटी शिपायांचे गाऱ्हाणे ऐकण्याच्या मनःस्थितीत कधी नव्हतीच. पगार वाढणार हे ठाऊक असतानाही ही माणसे बाहेर पडली. तेव्हा हा संप केवळ पैशासाठी होता असे म्हणता येत नाही. बोलण्याचा हक्क राहावा, यासाठी तो होता.

ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी, सुट्टीच्या दिवसांत, शहर उघडे पडले. लंडन रोड, स्कॉटलंड रोड, बायरम स्ट्रीट या भागांत दुकाने फुटली. बूट, कपडे, दागिने, दारू, जे मिळेल ते लोकांनी उचलले. सैन्य आले, रणगाडे आले, 'व्हॅलिअंट' ही युद्धनौका दोन विनाशिकांसह मर्सी नदीत येऊन उभी राहिली. सैनिकांच्या गोळीने एकाचा मृत्यू झाला, शेकडोंना अटक झाली. ही बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ज्यांची दुकाने फुटली त्यांत छोटे दुकानदारही होते, आणि त्यांनी शिपायांचे काहीही वाकडे केले नव्हते. कामगार संघटनांनी सहानुभूती दाखविली, पण सार्वत्रिक संप केला नाही. १९११ च्या लाठ्या अजून स्मरणात होत्या. थोड्याच दिवसांत सारे थंडावले.

हिशेब

संपात उतरलेला प्रत्येक पोलीस बडतर्फ झाला. कोणालाही पुन्हा घेतले नाही. काहींची निवृत्ती थोड्या वर्षांवर आली होती, त्यांचे निवृत्तिवेतन बुडाले. काहीजण युद्धात लढून परतलेले होते. त्यांचा प्रश्न पुढे संसदेत वारंवार निघाला, १९२४ मध्ये चौकशीही नेमली गेली, परंतु निकाल फिरला नाही. संघटना मोडली. पोलीस कायदा १५ ऑगस्ट १९१९ रोजी संमत झाला.

आणि तरीही, ज्यासाठी वर्षानुवर्षे तक्रारी चालू होत्या ते पुष्कळसे मिळाले. देशभर एकसारखा आणि चांगला पगार, घरभाड्याची सोय, सेवाशर्तींची एकवाक्यता, आणि दुबळे का होईना, पण गाऱ्हाणे मांडण्याचे एक अधिकृत स्थान. हे लाभ कामावर राहिलेल्यांना मिळाले, संपकऱ्यांच्या जागी भरती झालेल्या नव्या माणसांना मिळाले, पुढच्या पिढ्यांना मिळाले. मागणाऱ्यांना मात्र मिळाले नाहीत. या इतिहासाचे मर्म मला येथे दिसते. सरकारला १९१८ चा धक्का बसला नसता तर डेझबरो समिती नेमली गेली असती काय, याचा विचार ज्याने त्याने करावा.

शहरावरही परिणाम झाला. निम्मे अनुभवी दल एका आठवड्यात गेले, ही पोकळी लवकर भरणारी नव्हती. १९३१ मध्ये विल्यम वॉलेस या विमा कंपनीच्या माणसाला पत्नीच्या खुनाबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि अपील न्यायालयाने पुरावा पुरेसा नाही म्हणून ती रद्द केली. तो तपास याच दलाने केला होता. त्यातील उणिवांचा संबंध काही अभ्यासकांनी १९१९ च्या पोकळीशी जोडला आहे. आणखी एक घटना लक्षात राहण्याजोगी आहे. लंडन पोलिसांतील माजी सार्जंट आणि मोडलेल्या संघटनेचे सरचिटणीस जॅक हेज हे १९२३ च्या पोटनिवडणुकीत लिव्हरपूलमधूनच संसदेवर निवडून आले. त्या शहराचे ते पहिले मजूर पक्षीय खासदार.

पुढील इतिहास थोडक्यात सांगता येतो. मे १९४१ च्या पहिल्या आठवड्यातील भीषण बॉम्बवर्षावात या दलाने शहर सांभाळले. १९४९ मध्ये गुन्ह्याच्या वाटेला लागलेल्या मुलांना न्यायालयात खेचण्याऐवजी पोलिसाने घरी व शाळेत जाऊन त्यांना सावरावे, अशी योजना लिव्हरपूलने प्रथम सुरू केली. शाळेच्या व्यासपीठावरून तिचा उल्लेख करताना मला विशेष आनंद होतो. दरम्यान पगार आणि नियम गृहखात्याने ठरवावयाचे, निम्मा खर्चही सरकारने द्यावयाचा, असे होत गेल्याने वॉच कमिटीचे बळ ओसरले. १९६४ च्या कायद्याने दलांच्या एकत्रीकरणाला वाट करून दिली. १ एप्रिल १९६७ रोजी बूटलचे दल मिळून 'लिव्हरपूल अँड बूटल कॉन्स्टॅब्युलरी' झाली, आणि १ एप्रिल १९७४ रोजी तीही 'मर्सीसाइड पोलीस' या मोठ्या दलात विलीन झाली. १३१ वर्षांचे नगराचे दल इतिहासजमा झाले.

आपल्याशी संबंध

हा इतिहास सात समुद्रांपलीकडेच राहिला असे मात्र नाही. १९१९ च्या ब्रिटिश कायद्यात पोलिसांत 'अप्रीती' फैलावणे हा गुन्हा ठरला होता. तीनच वर्षांनी, असहकारितेच्या पर्वात, भारतात १९२२ चा कायदा आला आणि पोलिसांत अप्रीती निर्माण करणे येथेही गुन्हा झाले. शब्द तोच. स्वातंत्र्यानंतर १९६६ च्या कायद्याने पोलिसांच्या संघटना-स्वातंत्र्यावर बंधने घातली. आणि ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांच्या संघटनेची मान्यता काढली गेली तेव्हा तेथे जो उद्रेक झाला, त्यात सैन्याला पाचारण करावे लागले आणि पुष्कळ शिपायांनी नोकरी गमावली. लिव्हरपूल आणि मुंबई, दोन्ही बंदरे, दोन्ही कापसाची. साम्य येथेच थांबले असते तर बरे झाले असते.

या इतिहासातून पोलिसांनी संप करावा असा निष्कर्ष मी काढीत नाही. रक्षकाने पाठ फिरविली की पहिला घाव दुबळ्यावर पडतो, हे लिव्हरपूलच्या त्या तीन रात्रींनी दाखविले. परंतु ज्याच्याकडून संपाचा हक्क काढून घ्यावयाचा, त्याचे गाऱ्हाणे न मागता ऐकण्याचे कर्तव्य समाजाच्या गळ्यात पडते. हक्क काढून घेणे सोपे असते, कारण त्याला एक कायदा पुरतो. कर्तव्य रोज करावे लागते. लिव्हरपूलच्या वॉच कमिटीने ते ८३ वर्षे टाळले आणि त्याचे मोल साडेनऊशे कुटुंबांनी व एका शहराने दिले.

या शाळेतून बाहेर पडलेले कितीतरी विद्यार्थी पोलिसात, शिक्षकी पेशात, रुग्णालयांत सेवा करीत आहेत. काहीजण आता अशा पदांवर आहेत की इतरांची गाऱ्हाणी त्यांच्या टेबलावर येतात. त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की हाताखालचा माणूस बोलू लागला तर त्याला 'सेवा' या शब्दाची आठवण देण्याआधी त्याचे म्हणणे पूर्ण ऐकून घ्या. तो बोलतो आहे तोवर वेळ गेलेली नसते.